दोरा फोटोतून गेला, पायातून नाही

मोबाइलची गॅलरी उघडा. सेल्फी, नोट्सचे फोटो आणि गॅदरिंगच्या गर्दीत एखादा तरी पक्षी सापडेलच. तारेवर बसलेला कोतवाल, एसटीच्या खिडकीतून टिपलेला नीलपंख, नाहीतर होस्टेलच्या टाकीवरची साळुंकी. आपल्यापैकी काहींकडे चांगला झूम कॅमेरा आहे, बाकीचे मित्राचा मागून आणतात. रविवारी पहाटे विष्णुपुरीच्या जलाशयावर जायचं, दोनशे फोटो काढायचे आणि रात्री त्यातला एक ‘एडिट’ करून स्टेटसला टाकायचा. यात वाईट काहीच नाही. मीही तेच करते. म्हणूनच आज माझी एक चूक सांगते.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला गोदावरीकाठी मी एका शेकाट्याचा फोटो काढला. शेकाट्या तुम्ही पाहिला असेल. काळे पंख, पांढरं पोट आणि अंगाच्या मानाने कितीतरी लांब, गुलाबी पाय. उथळ पाण्यात तो उभा, खाली प्रतिबिंब, वर कोवळं ऊन. फ्रेम एकदम कडक! फक्त एका पायाला नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता होता आणि मागे जलपर्णीत दुधाची रिकामी पिशवी अडकलेली. रात्री हीलिंग ब्रश फिरवला. पिशवी गेली, दोराही गेला. पाण्याचा मळकट हिरवा रंग निळ्याकडे नेला आणि मूळ फोटोवरच सेव्ह केलं. दोन दिवस लाइक्स येत राहिले.

पुढच्या रविवारी तिथेच जाळं आवरत बसलेल्या मामांना मी कौतुकाने फोटो दाखवला. आधीच्या खेपेलाही ते काठावर होते. त्यांनी फोन हातात घेतला, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, ह्याच्या पायात दोरा व्हता ना? सुटला वाटतं. बरं झालं माय.”

मला उत्तर सुचलं नाही. मी काठाने बरंच लांबपर्यंत शोधलं, पण तो शेकाट्या काही दिसला नाही. मूळ फोटोही उरला नव्हता. कोणत्या पायात गुंता होता, किती घट्ट होता, हे वन विभागाला किंवा एखाद्या पक्षीमित्राला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बातमी म्हणजे काय, हे आम्ही पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी शिकतो. इथे तो दोरा हीच बातमी होती आणि मी तीच खोडली होती.

मग एडिटिंग सोडून द्यायचं का? अजिबात नाही. कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यासारखं दिसत नाही. पहाटे उजेड कमी, म्हणून आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. पांढऱ्या बगळ्यावर ऊन पडलं की त्याची पिसं नुसता पांढरा ठिपका होतात. पाठीमागून उजेड असला की खंड्याचा निळा रंगही काळा दिसतो. अशा वेळी सावलीतला भाग उजळणं, जास्त उजळ भाग आवरणं, दाणे कमी करणं, क्रॉप करणं हे सगळं बिनधास्त करा. कॅमेऱ्यात ‘रॉ’ची सोय असेल तर त्यातच काढा, म्हणजे फाइलमध्ये जास्त तपशील उरतो आणि नंतर सावरायला जागा मिळते. बगळा टिपताना एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा. कारण पार पांढरी झालेली पिसं कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. पैसे नसतील तर डार्कटेबल आणि गिंप ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मोबाइलवर स्नॅपसीडही पुरतं.

या सगळ्यात तुम्ही पक्षी जसा होता तसा दिसावा म्हणून धडपडत असता. गडबड होते ती तिथे जे होतं ते बदलायला लागल्यावर.

रोहितचंच, म्हणजे फ्लेमिंगोचं घ्या. भारतात त्याच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित पांढुरका, फिकट गुलाबी असतो. लहान रोहित जास्त गुलाबी असतो आणि त्याची चोच गडद असते. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे खेचली की मोठा रोहित बघता बघता लहान रोहितसारखा दिसायला लागतो. आता तर एआयने दाणे काढताना सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने पिसं भरतं. दुरून काढलेल्या धूसर फोटोत ती पिसं अगदी खरी वाटतात, पण ती त्या पक्ष्याची असतीलच असं नाही.

पार्श्वभूमीचंही तसंच आहे. मी मूळची लातूर जिल्ह्यातली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होते. शहराची तहान भागवणारं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. त्या दिवसांत कुणी धरणाच्या काठावर टिटवीचा फोटो काढला असेल, तर तिच्या पायाखालची भेगाळलेली जमीन ही त्या वर्षाची साक्ष आहे. तिथे एका टॅपमध्ये निळंशार पाणी भरलं तर फोटो छान दिसेल, पण दुष्काळ पुसला जाईल. गोदावरीतली जलपर्णी आणि प्लास्टिक पुसलं की आपली नदीही फोटोत स्वच्छ होते. फक्त फोटोतच.

तुम्ही म्हणाल, “आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का? स्टेटसचा तर फोटो आहे.” यावर रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच खात्रीने दिसलं नव्हतं. रिचर्ड माइनर्टझहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र ते आपल्याला १९१४ मध्ये गुजरातमध्ये मिळाल्याचं सांगितलं होतं आणि पुरावा म्हणून पेंढा भरलेला पक्षीही दाखवला होता. पुढे अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना निघाला. नव्याने पेंढा भरून, खोटं लेबल लावून तो खपवला होता. ती खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, रानपिंगळा आपल्या महाराष्ट्रात शहाद्याजवळ दिसला. खोटं लेबल वाट चुकवतं, तर खरं लेबल शंभर वर्षांनीही पक्ष्यापर्यंत नेतं. आपण फोटोखाली तारीख आणि ठिकाण लिहितो, तेही एक लेबलच असतं.

ज्या संग्रहालयातून तो नमुना चोरीला गेला, तेच आज ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही जगातली नावाजलेली स्पर्धा घेतं. त्या स्पर्धेत उजेड, कॉन्ट्रास्ट, क्रॉप, दाणे कमी करणं चालतं. वस्तू घालणं किंवा काढणं चालत नाही आणि अंतिम फेरीत मूळ फाइल दाखवावी लागते. हा नियम आपल्याला का नसावा? राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या निमित्ताने फोटो स्पर्धा घेणाऱ्या नांदेड-लातूरच्या कॉलेजांनी एवढी एक अट घालावी: निवडलेल्या फोटोची मूळ फाइल दाखवा. खर्च शून्य.

आपल्या हातातल्या गोष्टी तर आजपासून होतील. मूळ फोटोवर कधीच सेव्ह करू नका, कॉपीवर काम करा. कॅप्शनमध्ये तारीख आणि ठिकाण लिहा. घरट्याचा नेमका पत्ता मात्र कधीच टाकू नका. आकाश बदललं, फांदी काढली तर तसं सांगा. कल्पनाचित्र करायलाही हरकत नाही, फक्त त्याला कल्पनाचित्र म्हणा. अडकलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर आधी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन, मग फोटो. आणि फेब्रुवारीत देशभर ‘कॅम्पस बर्ड काउंट’ होतो, त्यात आपल्या कॉलेजच्या आवारातले पक्षी मोजून ई-बर्डवर नोंदवा. नेहमीपेक्षा वेगळा पक्षी नोंदवला की तिथे पुरावा म्हणून फोटो पाहिला जातो. तेव्हा तुमचा थोडा धूसर पण खरा फोटो त्या चकाचक फोटोपेक्षा कामाचा ठरतो.

माझा शेकाट्याचा फोटो मी काढून टाकला आहे. राहता राहिले मामा. त्यांना त्या दिवशी मी नुसतीच मान हलवली होती. आज या पानावर सांगते. मामा, दोरा सुटला नव्हता.