'मोकळी जमीन' म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या रविवारी परळला मामाकडे गेलो होतो. गॅलरीत चहा घेताना समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून मामा म्हणाला, "इथे आमची मिल होती, माहितीये ना?" माहिती होतंच. पण त्या जमिनींचं नेमकं काय झालं, हे मला धड सांगता येईना. म्हणून घरी येऊन जुनी कात्रणं उपसली.

तर झालं असं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. मालकाला गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात सुधारणा झाली. वाटे राहिले, पण फक्त 'मोकळ्या' जमिनीचे. शेड पाडल्यावर जी मोकळी होईल ती त्यात धरायची नाही! आता तुम्हीच सांगा, गिरणीत शेड सोडून जमीन असते किती? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुंबईतल्या सुमारे ६०० एकर गिरणी जमिनींचा प्रश्न, आणि सगळा खेळ एका विशेषणाचा.

नियम बदलूच नयेत असं मी म्हणत नाही. मुंबईची नवी नियमावली २०१८ मध्ये आली, उरलेल्या बहुतेक राज्याची एकत्रित २०२० मध्ये, आणि पार्किंगपासून जिन्यापर्यंत बऱ्याच गोष्टी बदलायलाच हव्या होत्या. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक सुधारणेसोबत सरकारने साध्या मराठीत हिशोब छापावा: आधी शहराला किती जमीन मिळत होती, आता किती मिळेल. कायद्याने हरकतींसाठी महिनाभर मिळतो खरा, पण एफएसआय, टीडीआरच्या त्या जंगलात शिरतो कोण? मी तरी आजवर एकही हरकत पाठवलेली नाही. (बायको वाचते आहे, त्यामुळे खोटं बोलता येत नाही.)

असो. परवा मामाला फोनवर ही 'मोकळी'ची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "आमच्या खात्याचं छप्पर पावसाळाभर गळायचं रे. त्याच्याखालची जमीन बांधलेली होय?"