सबवूफर आणि वडीलधाऱ्यांचे कान

सोलापूरहून पंढरपूरला जाताना गाडीतील नव्या सबवूफरवर अभंग दणदणत असतो. तरीही आजोबा म्हणतात, ‘शब्द कळत नाहीत.’ ही तक्रार खरी असते. उतारवयात प्रथम उंच पट्टीतील ध्वनी ऐकू येणे मंदावते. ‘स’, ‘श’ ही व्यंजने त्याच पट्टीतील. खर्जाचा घुमारा त्यांना झाकून टाकतो. म्हणून आवाज वाढवू नका, बेस उतरवा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. ९० डेसिबल मात्र चारच तास. प्रवासानंतर कानांत गुणगुण टिकून राहिल्यास कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. पंढरपुरात शिरताना सबवूफर बंदच करावा. खर्ज भिंती ओलांडतो, आणि त्या घरांतही कोणी वृद्ध विसावलेले असतात.