बांधावरची चाचणी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्या वडगाव निंबाळकरच्या शेतकऱ्यांना नव्या वस्तूची पारख कशी करावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. कारण नदीपलीकडे पाडेगावला १९३२ सालापासून उभे असलेले ऊस संशोधन केंद्र कोणत्याही वाणाची शिफारस करण्यापूर्वी तो आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तिन्ही लागणींत लावते, त्याचा खोडवा राखते, निरनिराळ्या जमिनींत त्याचे गुणदोष वर्षानुवर्षे नोंदवते आणि मगच तो शेतकऱ्याच्या हाती देते. को ८६०३२ हा वाण या परीक्षेतून पार पडला, म्हणूनच 'नीरा' या नावाने तो घरोघरी पोहोचला.

मोबाइलच्या व्यवहारात या परीक्षेला बीटा चाचणी म्हणतात. ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ते ज्यांनी घडविले नाही अशा मोजक्या माणसांना वापरावयास द्यावे, ती कोठे अडखळतात ते टिपून घ्यावे आणि दुरुस्त करून पुन्हा त्यांच्याच हाती द्यावे, एवढेच तिचे स्वरूप. गुगलने आपल्या प्ले स्टोअरवर ॲप प्रसिद्ध करण्यासाठी वैयक्तिक खाते नव्याने उघडणाऱ्यास २०२३ च्या अखेरीस वीस परीक्षकांची सक्ती केली. पुढे ती संख्या बारावर आली, पण परीक्षकांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहिले पाहिजे ही अट कायम राहिली. एकट्यादुकट्या होतकरू तरुणाला जर हे बंधन, तर ज्या ॲपवर लक्षावधी खातेदारांचे पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई अवलंबून असते, त्याच्या चाचणीला किती काटेकोर बंधन हवे?

असेच एक ॲप म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ती राज्यभर लागू झाली आणि गाव नमुना बारामधली पिकांची जी नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात होत असे, ती खातेदाराच्या स्वाधीन झाली. हा बदल मला मनःपूर्वक इष्ट वाटतो. परंतु काही तालुक्यांत प्रयोग होऊनही, केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सवलत, गटापासून दूर उभे राहून छायाचित्र घेतल्यास मिळणारी सूचना आणि मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय या गोष्टी १ ऑगस्ट २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीतच आल्या. म्हणजे मधला सबंध वर्षाचा काळ हीच खरी चाचणी ठरली, आणि त्या काळातल्या नोंदी मात्र कायमच्या दप्तरी दाखल झाल्या.

भाद्रपदात, गेल्या वर्षीच्या आषाढात लावलेल्या आडसाली उसापाशी उभे राहून पाहावे. ऊस डोक्याच्या दुप्पट उंच झालेला, पाती हाताला कापणारी. छायाचित्रात पीक कमी आणि पात्यांचा हिरवा पडदाच अधिक दिसतो. बांधावर उभ्या असलेल्या बाईचे हात चिखलाने भरलेले, फोनची काच तडकलेली, उन्हात अक्षरे दिसत नाहीत; सातबारा चौघा भावांचा सामाईक, आणि नोंदणीचा सांकेतिक क्रमांक जातो चाकणच्या कारखान्यात पाळीवर गेलेल्या मुलाच्या फोनवर. वातानुकूलित दालनात, नव्या कोऱ्या फोनवर, मोकळ्या जमिनीचे चित्र घेऊन केलेल्या परीक्षेत यांतली एकही अडचण उद्भवत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, सरकारी ॲपच्या परीक्षकांत ही बाई असलीच पाहिजे, तिचा फोन जसा आहे तसाच असला पाहिजे, आणि चाचणीला निदान एक खरीप व एक रब्बी अशी दोन हंगामांची मुदत मिळाली पाहिजे. तोवर जुनी नोंदवही सोबतीला चालू ठेवावी, जेणेकरून ॲपमधल्या चुकीपायी कोणाच्या हक्काला बाध येणार नाही. परीक्षकाने केलेली तक्रार ही त्याने राज्याला केलेली मदत समजावी. आणि चावडीच्या फलकावर जसा पाहणीचा शेवटचा दिवस लावला जातो, तसेच कोणत्या तक्रारीवर कोणती दुरुस्ती झाली हेही, तारखेसह, सुबोध मराठीत लावावे.