‘ती तिथे गेलीच कशाला?’

एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याचे वृत्त सकाळच्या दैनिकात छापून येते. बोरिवली-चर्चगेट लोकलच्या डब्यात, मुलुंडच्या भाजी मंडईत, घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात त्याची चर्चा सुरू होते आणि दोन-चार वाक्यांतच गाडी ठरलेल्या रुळांवर येते. ‘इतक्या रात्री ती तिथे गेलीच कशाला?’ ‘कपडे कोणते घातले होते?’ ‘सोबत कोण होते?’ ‘आईवडिलांचे लक्ष नव्हते काय?’ हे प्रश्न विचारणारी माणसे दुष्ट नसतात. ती तुमच्या-आमच्यासारखी, देवाधर्माची चाड असलेली, मुलाबाळांच्या काळजीने व्याकूळ होणारी सज्जन माणसे असतात. म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. गुंडाचा बंदोबस्त पोलिसांनी करावा, पण सज्जनांच्या जिभेचा बंदोबस्त कोणी करायचा?

या चर्चेत एका माणसाविषयी कोणी काहीच विचारीत नाही. तो रात्री तिथे का होता? त्याच्या आईवडिलांनी त्याला काय शिकवले? त्याचे मित्र कोण? सर्व चौकशी होते ती जिच्यावर अत्याचार झाला तिचीच. अत्याचारी मात्र जणू पावसासारखा, भूकंपासारखा निसर्गाचा एखादा कोप असावा, अशा थाटात आपण बोलतो.

पेहरावाचा युक्तिवाद

या प्रश्नांमागे एक गृहीत आहे. स्त्रीने वेळ, पेहराव आणि सोबत सांभाळली तर तिच्या वाटेला कोणी जात नाही, असे ते गृहीत. आपल्या उपनगरांत घडलेल्या घटनांशीच ते ताडून पाहू.

१४ ऑगस्ट २००२. स्वातंत्र्यदिनाची पूर्वरात्र. बोरिवलीकडे निघालेल्या लोकलमध्ये एका मतिमंद अल्पवयीन मुलीवर एका मद्यधुंद नराधमाने बलात्कार केला. डब्यात पाच प्रवासी होते. त्यांच्यापैकी कोणीही त्याचा हात धरला नाही. या बालिकेच्या पेहरावात कोणता दोष होता? ती कोणाला खुणावीत होती?

३१ डिसेंबर २००७ ची मध्यरात्र. जुहूच्या एका पंचतारांकित हॉटेलाबाहेर दोन तरुण स्त्रियांना सत्तर-ऐंशी जणांच्या जमावाने घेरले आणि त्यांची विटंबना केली. सोबतीला पुरुष हवा, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की या स्त्रियांसोबत पुरुष होते. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली म्हणून प्रकरण दडपता आले नाही. तरीही, असे कुठेही घडू शकते, माध्यमांनीच राईचा पर्वत केला, अशा आशयाचे उद्गार शहराच्या पोलीस दलाच्या वरिष्ठांकडून ऐकावे लागले.

२० ऑक्टोबर २०११. अंधेरी पश्चिमेच्या अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यास अटकाव केला म्हणून कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांवर भर रस्त्यात शस्त्रांनी हल्ला झाला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेनने काही दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडला. आजूबाजूला बघ्यांची वाण नव्हती. चौघांना जन्मठेप झाली ती मे २०१६ मध्ये. सोबतीचे पुरुष येथे नुसते हजर नव्हते, ते ढालीसारखे उभे राहिले होते.

आणि हे सारे महानगरी, पाश्चात्त्य वळणाच्या जीवनाचे फळ आहे, खेड्यापाड्यांत असे घडत नाही, असे कोणास वाटत असेल, तर त्याने १९७२ सालच्या देसाईगंजची आठवण ठेवावी. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी एका वनवासी मुलीवर प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. ‘मथुरा’ या नावाने हा खटला देशभर गाजला. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, या प्रमुख कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालातील अन्यायाकडे लक्ष वेधले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या मुलीने जीन्स घातली नव्हती, ती मद्यालयातही गेली नव्हती. ती पोलीस ठाण्यात गेली होती, आणि तेही बोलावले म्हणून!

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की, नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी दहातील नऊहून अधिक घटनांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, शिक्षक, मालक, मित्र. म्हणजे ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ या उपदेशाने ज्या धोक्यापासून रक्षण व्हायचे, त्याहून मोठा धोका उंबरठ्याच्या आत किंवा शेजारच्या दारी आहे. पेहरावाचा युक्तिवाद तेथे मुका होतो.

अब्रू नेमकी कोणाची गेली?

आपली भाषाही तपासून पाहण्याजोगी आहे. ‘बलात्कार’ हा मूळ संस्कृत शब्द नेमका आहे. बळाने केलेले कृत्य. त्यात करणाऱ्याचे बळ आहे, सोसणाऱ्याचे लांछन नाही. पण व्यवहारात आपण म्हणतो, ‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट झाले’, ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’. एखाद्याच्या घरी दरोडा पडला तर त्या घराची अब्रू गेली असे कोणी म्हणत नाही. शेजारी धावून येतात. येथे मात्र लुटले जाते तिला आणि कलंकही तिलाच. ‘विनयभंग’ हा शब्द तर कायद्याच्या मराठीत रुळलेला. विनय सुटला तो त्या पुरुषाचा, पण शब्दाच्या रूढ अर्थात भंगते ते स्त्रीचे काहीतरी.

शब्दांतील हा उलटा न्याय केवळ शब्दांत राहिला नाही. आपल्या पुरावा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत अशी तरतूद होती की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढता येई. इंग्रजांनी १८७२ साली केलेले हे कलम स्वातंत्र्यानंतर पंचावन्न वर्षे आपण जपले. रुग्णालयांतील ‘दोन बोटांची चाचणी’ ही त्याच मनोवृत्तीची बहीण. ती अशास्त्रीय व अवमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे पुन्हा एकदा कठोर शब्दांत बजावावे लागले.

मौनाची किंमत

दोष देण्याच्या या सवयीचा परिणाम काय होतो? पीडित कुटुंब गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या बळावर एक गुन्हेगार मोकळा फिरतो. याचे सर्वांत दाहक उदाहरण मुंबईच्याच परळ भागातील केईएम रुग्णालयाचे आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. त्यांचा विवाह ठरला होता. लौकिकाला बाधा येईल या भयापोटी लैंगिक अत्याचाराचा विषय बाजूला ठेवण्यात आला. खटला चालला तो हत्येचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांचा. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो बाहेर पडला. अरुणाताईंची शिक्षा मात्र १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे चालली.

ज्यांनी हा विषय बाजूला ठेवला, त्यांच्या मनात दुष्टावा नसेल. तिचे भले व्हावे, हीच इच्छा असेल. पण ज्या समाजात पीडितेलाच कलंक लागतो, तेथे तिच्या हितचिंतकांनाही सत्य दडवावे लागते, आणि सत्य दडले की लाभ होतो तो अत्याचाऱ्याचा.

याच कथेची दुसरी बाजू मात्र आपल्याला वाट दाखवणारी आहे. त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने, अरुणाताईंना आपले मानले. इतकी वर्षे पडून असलेल्या देहाला शय्याव्रण होऊ दिला नाही. दयामरणाची याचिका आली तेव्हा ‘ती आमची आहे’ म्हणून त्या ठाम उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. त्यांच्यापैकी कोणीही ‘ती त्या तळघरात एकटी गेलीच कशाला?’ असे विचारले नाही. करुणा म्हणतात ती हीच. हळहळून पुढच्या बातमीकडे वळणे नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

‘मग मुलींना सावधगिरी शिकवायचीच नाही काय?’ अवश्य शिकवावी. पण सावधगिरीचा उपदेश घटनेच्या आधीचा आहे. पुरात वाहून चाललेल्याला काठावरून ‘पाण्यात उतरू नकोस म्हटले होते ना’ असे ऐकवणारा माणूस शहाणा ठरत नाही. त्या वेळी दोर टाकायचा असतो.

‘खोट्या तक्रारीही होतात, त्याचे काय?’ होत असतील, आणि त्या पारखण्यासाठी पोलीस, वैद्यकीय तपासणी, उलटतपासणी, न्यायालय अशी सारी व्यवस्था आहे. आरोपीला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तो असलाच पाहिजे. पण रडणाऱ्या मुलीला जवळ घेणे म्हणजे निकालपत्र देणे नव्हे. आई, मावशी, शेजारीण यांच्याकडे न्यायाधीशाचे काम कोणी सोपवलेले नाही.

‘हे सारे परकीय विचार आहेत’ असे कोणी म्हणेल. त्याने सभापर्व उघडून वाचावे. द्रौपदीला सभेत फरफटत आणले तेव्हा त्या कृत्याच्या समर्थनार्थ कर्णाने काय सांगितले? पाच पतींची ही स्त्री कुलटाच, तिला सभेत आणण्यात वावगे काय! चारित्र्यावर शिंतोडे उडवून अत्याचार पचवण्याची युक्ती इतकी जुनी आहे. भीष्म-द्रोणांसारखे वडीलधारे माना खाली घालून बसले. धृतराष्ट्रपुत्रांपैकी एकटा विकर्ण उठला आणि हा अधर्म आहे म्हणाला. महाभारतकारांनी त्या सभेला क्षमा केलेली नाही. पुढे देवलस्मृतीने, बळजबरीने पळवल्या गेलेल्या स्त्रियांना समाजात परत घेण्याचा मार्ग सांगितला. त्यात प्रायश्चित्त आहे. आज तेही कालबाह्य मानायला हवे, कारण जिने पाप केलेच नाही तिने प्रायश्चित्त कशाचे घ्यावे? शिवछत्रपतींनी स्वराज्याच्या आरंभीच रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, ते त्याने एका स्त्रीशी बदअंमल केला म्हणून. ती स्त्री कोण, कुठली, कशी वागणारी, याची चौकशी महाराजांनी मांडली नाही. शिवजयंतीला भगवे ध्वज लावणाऱ्या आपण या निवाड्यातून काय घेतले?

आपले कर्तव्य

१० सप्टेंबर २०२१, गणेशचतुर्थीची पहाट. साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावर एका निराधार स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला. एका पहारेकऱ्याने पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला कळवले. पोलीस काही मिनिटांत पोहोचले आणि वाहनाची वाट न पाहता त्याच टेम्पोतून तिला घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात नेले. दुसऱ्या दिवशी तिचे प्राण गेले. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने २ जून २०२२ रोजी आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. २००२ च्या लोकलमधील पाच प्रवाशांसमोर हा एक पहारेकरी ठेवून पाहा. त्याने कसलीही विचारपूस केली नाही, दूरध्वनी केला.

आपल्यालाही तेवढे करता येईल. आज कायदा पीडितेच्या बाजूने बराच पुढे आला आहे. ते कुटुंबांना ठाऊक मात्र नसते. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने, पीडितेच्या घरी वा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. गर्भधारणा व एचआयव्ही यांच्या प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हावी लागतात. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ या विचारात घालवलेले दोन दिवस फार महाग पडतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने, रुग्णालयातच समुपदेशन कसे करता येते, ते देशाला दाखवून दिले. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून २०१३ पासून अर्थसाह्य मिळते. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांनी विशेषकरून लक्षात ठेवावे. आणि बालकावरील अत्याचार ठाऊक असूनही न कळवणे, हाही पोक्सो कायद्यान्वये गुन्हाच आहे. तेथे ‘घरातली गोष्ट घरात’ चालत नाही.

कायद्याने करायचे ते कायदा करील. पण पोलीस ठाण्याची पायरी चढताना सोबत चालणारी काकू, न्यायालयाच्या तारखेला रजा काढून येणारा शेजारी, वर्षभर शाळा-महाविद्यालय सुटू न देणारे शिक्षक, आणि त्या घरी हळदीकुंकवाचे निमंत्रण पूर्वीसारखेच नेणारी सखी, यांची तरतूद कोणत्याही कलमात नाही. ती आपणच व्हायचे आहे. वस्तीवस्तीत ज्यांची घराघरांत ये-जा आहे, अशा कार्यकर्त्यांवर आणि भगिनींवर ही जबाबदारी अधिक आहे. पुढच्या वेळी लोकलच्या डब्यात किंवा सोसायटीच्या बैठकीत ‘ती तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न निघेल, तेव्हा मान खाली घालून बसू नका. विकर्णाप्रमाणे उठून उभे राहा आणि विचारा, ‘तो तिथे का होता, आणि आपण सारे कुठे होतो?’