एका क्रियापदाची करामत

पक्ष्याला फक्त सवय असते, आठवण नसते, हे विधान १९९८ पासून टिकत नाही. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांच्या प्रयोगात स्क्रब जे पक्ष्यांनी अळ्या आणि शेंगदाणे लपवले; चार तासांनी ते आवडत्या अळ्यांकडे गेले, पण १२४ तासांनी, तोवर अळ्या नासतात हे अनुभवलेले असल्याने, शेंगदाण्यांकडे वळले. काय, कुठे, केव्हा, सगळे ध्यानात! मग माणसाचे वेगळेपण कशात? माझ्या मते, आठवणीवर पुन्हा विचार करून तिला शब्दांत मांडण्यात. आणि धोकाही तिथेच आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले. इतरांसाठी सौम्य क्रियापद वापरले. आठवड्याने ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. कुणी म्हणेल, आठवण उंदराचीही बदलते. खरे आहे, जागी झालेली भीतीची आठवण मेंदूत औषध टोचून पुसट करता येते, हे २००० मध्ये दिसले. पण उंदराला औषध टोचावे लागले. माणसाला एक शब्द पुरला, कारण त्या शब्दावरून तर्क करणारे मन त्याचेच होते.