वीज, बाजारपेठ आणि आपले धान

जो देश अधिक वीज वापरतो तो अधिक संपन्न, असे समीकरण हल्ली सर्रास मांडले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे, असे आमचे मत आहे. नायजेरिया परदेशास खनिज तेल विकतो, तरी तेथील कारखाने विजेवाचून अडतात. उलट जपानने बाहेरचे तेल विकत घेऊन त्याच्या बळावर पक्का माल जगभर खपविला. सारांश, शक्ती कोठे उत्पन्न होते यापेक्षा ती कोणाच्या कोणत्या कामी लागते, हा प्रश्न मोठा आहे.

हाच प्रश्न आपल्या गोंदिया जिल्ह्यासही लागू पडतो. तिरोडा येथील औष्णिक केंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. तेथील वीज उच्च दाबाच्या तारांवरून दूरदूर जाते. तरी उन्हाळी धानास पाणी देण्याकरिता पाळीच्या विजेची वाट पाहत रात्री जागल्याचा अनुभव आपल्यापैकी कित्येकांस आहे. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांकरिता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस राज्य सरकारने मोफत वीज देऊ केली, हा दिलासा खराच. परंतु फुकट वीज अवेळी मिळाली तर तिचा उपयोग अर्धाच होय.

शिवाय वीज पाणी खेचते, गिऱ्हाईक आणीत नाही. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. शहरातील भाव आटोक्यात राहावेत हा हेतू समजण्याजोगा आहे. पण ह्या अवधीत पंपास वीज तितकीच लागली, आणि बंदराचे दार मात्र मिटलेले राहिले. रोवणी झाल्यावर धोरण पालटले तर हिशेब करावा तरी कसा?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. शंभर किलो धान भरडले असता सुमारे वीस किलो तूस निघते. तेच भट्टीत जाळून उकड्या तांदळाकरिता वाफ होते, कोठे वीजही होते. कोंड्यापासून तेल निघते. म्हणजे धान विकताना आपण तांदळाबरोबर इंधनही विकतो, आणि त्याचा निराळा भाव मागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली व गोंदियाची पेठ वाढली. पण भरडाईचा नफा बांधावर क्वचितच पोहोचला.

म्हणून आमच्या बंधूंस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मोफत विजेइतकाच आग्रह दिवसा खात्रीने मिळणाऱ्या विजेचा धरावा. निर्यातीचे धोरण रोवणीपूर्वी जाहीर व्हावे व हंगामभर टिकावे, अशी मागणी एकमुखाने करावी. आणि जेथे दहा-वीस गावांचे धान एकत्र होऊ शकेल, तेथे सहकारी भरडाईचा विचार करावा. भांडवल व व्यवस्थापन ह्या अडचणी आहेत, परंतु त्या एकट्यास जड, समूहास हलक्या. तूस ज्याच्या शेतात पिकले, त्याच्या घरी त्याची किंमत पोहोचेल, तेव्हाच जिल्ह्यातील विजेने जिल्ह्याची भरभराट झाली असे म्हणता येईल.