दावा काढून टाकला, म्हणजे सगळं संपलं का?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बदलापुरातल्या शेजारच्या वहिनी डोळे पुसत घरी आल्या. शिलाईतून साठवलेले नव्वद हजार त्यांनी ओळखीतल्या एकाला उसने दिले होते. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे ते! माणूस उल्हासनगर कॅम्प चारचा, म्हणून दावा उल्हासनगरच्या कोर्टात. वकील परवडेना, म्हणून दावा स्वतःच लावलेला. तारखेच्या दिवशी रुळांवर पाणी, लोकल बंद. समोरचा मात्र हजर! दावा काढून टाकला.

"बाई, आता अपील करायला वकील कुठनं आणू?"

मी म्हटलं, "आधी हुकुमाची नक्कल काढा. त्यात काय लिहिलंय त्यावर पुढचं सारं."

कारण दावा दोन तऱ्हांनी जातो. गैरहजेरीमुळे गेला तर ते अपिलाचं काम नव्हे. त्याच कोर्टात 30 दिवसांच्या आत दावा पुन्हा पटावर घेण्याचा अर्ज करायचा. न येण्याचं कारण सांगायचं, प्रतिज्ञापत्र आणि पुरावा जोडायचा. आपण गैरहजर आणि समोरचा हजर असेल, तर त्याच कारणासाठी नवा दावा आणता येत नाही. म्हणून हा अर्ज चुकवू नये. तो नामंजूर झाला तर त्यावर मात्र अपील चालतं.

पुरावे ऐकून दावा फेटाळला असेल तर वरच्या कोर्टात अपील. जिल्हा न्यायालयासाठी मुदत 30 दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाकावा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज, खऱ्या कारणासह. अपिलात रामायण लिहू नये. निकालात कुठे चूक झाली ते क्रमांक घालून, थोडक्यात मांडावं. 'माझी सही असलेली पावती विचारात घेतली नाही' असं नेमकं. नवा पुरावा तिथे सहसा घेत नाहीत. आणि अपिलाची तारीख चुकली तर तेही निघून जातं!

स्वतःचं काम स्वतः चालवण्याची मुभा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. पण सल्ला फुकट मिळत असताना एकटीने का झगडावं? विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे बाईला मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यावा, किंवा 15100 वर फोन करावा.

अपील दुधारी असतं, हेही लक्षात ठेवा. 1885 साली मुंबईत रखमाबाईंविरुद्ध नवऱ्याने लावलेला दावा न्यायमूर्ती पिन्ही यांनी फेटाळला. नवऱ्याने अपील केलं, 1886 त तो निकाल फिरला, आणि 1887 मध्ये रखमाबाईंना हुकूम झाला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद! तेव्हा आपण जिंकलो तरी कागद माळ्यावर टाकू नयेत.

आमच्या वहिनींना बातमी कळली एकोणिसाव्या दिवशी. अकरा दिवस हाती होते. लोकल बंद असल्याचं वर्तमानपत्राचं कात्रण जोडून अर्ज दिला. पाचशे रुपये खर्च भरायला लावून कोर्टाने दावा परत घेतला. पैसे अजून यायचेत. पण आता तारखेच्या आदल्या रात्री त्या अंबरनाथला बहिणीकडे मुक्कामाला जातात, आणि डब्यासोबत कागदांची पिशवीही भरून ठेवतात!